सरकी राहिलेली उशी

सरकीचा ढेकूण चावत नाही. तिळापेक्षा थोडा मोठा, काळपट, अंगाने चपटा. पंख इतके पातळ की खालचं पोट दिसतं. पिल्लं मात्र लाल असतात. पांढऱ्या सावरीची बोंडं उकलून खाली पडली की हे ढेकूण त्यांच्यात गर्दी करतात आणि सरकीत सोंड खुपसून आतला रस ओढतात. चिरडला तर घाण वास येतो, म्हणून कोणी चिरडत नाही, झटकून टाकतात. आमच्या बेटांवर जिथे सावर आहे तिथे हा आहे, आणि सावर प्रत्येकाच्या परसात आहे.

घरात मात्र तो दिसता कामा नये. घरात दिसला म्हणजे उशीत सरकी राहिली, आणि सरकी राहिली म्हणजे त्या घरच्या बाईने कापूस नीट निवडला नाही. आमच्या गावात कुठल्याही बाईला तोंडावर आळशी म्हणत नाहीत. "तिची उशी चालायला लागलीय," एवढंच म्हणतात. तेवढं पुरतं.

माझ्या घरात तो आलीतासीच्या उशीत होता.

आलीतासी माझी बायको. ती बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची, जिथे डोंगरातून आलेल्या आगीचा काळा दगड समुद्रापर्यंत पसरलाय. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बायका म्हणाल्या, दगडावर वाढलेली पोर, हिला कापूस काय कळणार. ती सावरीखाली बसून कापूस निवडत राहिली. तिने भरलेली उशी मुठीत कितीही दाबा, बोटाला एक सरकी लागायची नाही. पुढे पुढे गावात नवी सून आली की सासू तिला आमच्याकडे पाठवायला लागली. आलीतासीने पोरं वाढवली नाहीत, आम्हाला झाली नाहीत. तिचं नाव या गावात झालं ते उशांनी.

मग तिच्या पोटात पाणी झालं. राजधानीत, आपियाच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत पाठवलं. माझी उशी त्याआधीच चपटी झाली होती आणि ते तिच्या डोळ्यांत सलत होतं. एक दिवस मला बोंडं गोळा करून आणायला लावली. खांबाला टेकून बसली. थोडा कापूस निवडला आणि हात मांडीवर पडले.

"मी निवडू का?" मी विचारलं.

"तुम्ही? तुमची बोटं अळूचे कंद उपटायची. कापसाचं पिठलं कराल."

थोड्या वेळाने तिने न निवडलेला कापूस तसाच सरकीसकट पिशवीत भरायला घेतला. मी बघत होतो. मी बघतोय हे तिला कळलं.

"पुढच्या आठवड्यात उसवून काढीन सगळी," ती म्हणाली. "आत्ता डोक्याखाली काहीतरी असू दे तुमच्या."

पिशवीचं तोंड शिवलं. शिवताना मात्र घाई केली नाही. दोरा तोडला, उशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "कोणाला दाखवू नका ही. मी गेल्यावर तर मुळीच नको. मला माहितीय त्या काय म्हणतील. शेवटी दगडावरचीच निघाली म्हणतील."

"नाही दाखवत," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तिला उसवायला जमलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही तिला घरासमोर पुरलं आणि वर काळे दगड रचले.

मी रडलो नाही. लोक बघत होते, वाट बघत होते, माझ्या धाकट्या भावाने तर पाठीवर हात ठेवून "दादा, येऊ दे बाहेर" असंही म्हटलं. येण्यासारखं काही नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच माझा राहिलो नव्हतो. जेवण समोर आलं की जेवायचो. प्रार्थनेचा शंख वाजला की बसायचो. मळ्यात जायचो, यायचो.

त्या उशीवर मी डोकं ठेवलं नाही. मच्छरदाणीत तिच्या बाजूला ती असायची. नीरफणसाचा एक बहर येऊन गेला तेव्हा पहिल्यांदा शिवणीच्या कडेला ढेकूण दिसले. दुपारी ऊन तापलं की ते बाहेर यायचे, एकमेकांना चिकटून बसायचे, ऊन कललं की परत आत जायचे. कधी माझ्या हातावर चढायचे. मी झटकत नव्हतो. उसवून सरकी काढून टाकावी असं मनात आलं, पण ते काम तिने स्वतःसाठी ठेवलं होतं. मी बघत बसायचो. आत त्यांना खायला काय मिळतंय ते मला माहीत होतं.

आमच्याकडे बायकांच्या समितीची पाहणी असते. सगळ्या जणी एकाच छापाचे झगे घालून चर्चच्या टोकापासून निघतात आणि घर घर बघत दुसऱ्या टोकाला जातात. आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे लपवायला जागा नाही. प्रत्येक घराने चटया, चादरी, मच्छरदाण्या आणि उशा मांडून ठेवायच्या. उशांचा ढीग उंच पाहिजे. पाहुणे आले तर डोकी कशावर ठेवतील? ज्या घरचा ढीग बसका, त्या घरचं नाव बसकं.

एवढ्या उशा कोणाकडेच नसतात. म्हणून पाहणी झालेल्या घरच्या उशा केळीच्या बागांतून, घरांच्या मागल्या अंगाने, समितीच्या पुढे धावतात. समिती रस्त्याने जाते, उशा परसातून जातात. प्रत्येक घर आलेल्या उशीवर आपली खोळ चढवतं. आमच्या गावाच्या उशा वर्षातून कितीदा तरी गाव फिरून येतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उसनी उशी पकडली गेली तर मोठा दंड, कारण समितीच्या अध्यक्ष मालाएआबाईंनी तसा नियमच केला होता. त्या गावच्या मोठ्या प्रमुखांच्या पत्नी. नियम करायला त्यांना आवडायचं.

त्या दिवशी सकाळी एसेता आली. एसेता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, शेजारीच राहते. ती बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा लांब जातात.

"भावोजी, पाहणी आहे आज. चटया झटकल्या का?"

"झटकल्या."

"कधी? आमचं लग्न झालं तेव्हा?" तिने एक चटई उचलून आपटली. "अहो, यात अळू लावलं तर उगवेल. सरका. बसा तिकडे. नाहीतर नका बसू, उभे राहा."

ती कामाला लागली तशी मी आलीतासीची उशी गुंडाळलेल्या चटईत घातली आणि चटई वर तुळईवर ठेवून दिली. समिती तुळईवर बघत नाही.

समिती आली. मालाएआबाई पुढे, त्यांच्यामागे म्हातारी तापिता. तापिताला दात नव्हते, पण तिची जीभ एकटीच पुरेशी होती. तिने माझ्या उशांवर तळवा फिरवला, त्यातल्या निम्म्या एसेताच्या होत्या.

"बाईमाणूस नसलेल्या घरात एवढ्या उशा," ती म्हणाली. "फिलेमोनी, कोणाला झोपवतोस रे?"

बायका हसल्या.

"डुकरं येतात थंडीची," मी म्हणालो.

"येऊ दे, येऊ दे. त्यांना तरी ऊब." ती पुढे गेली.

माझं घर पार पडलं. पाहणीच्या दिवशी शेवटच्या घरी सगळ्यांचं जेवण असतं, आणि माझ्या वाटणीला अळूचे कंद होते. मी मळ्यात गेलो. कंद उपटून, टोपल्या काठीला अडकवून, खांद्यावर घेऊन खाली उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता. घरात आलो तर तुळईवरची चटई खाली, उलगडलेली.

एसेता तिच्या घरी नारळ खवत होती.

"वरची चटई कोणी काढली?"

"मीच. मालाएआबाईंकडून निरोप आला ना. त्यांच्या उशा सगळ्या लेकीच्या लग्नात गेल्या आपियाला. दाखवायला काही नाही. बाई स्वतः अध्यक्ष, आणि ढीग गुडघ्याएवढा! म्हणाल्या, असतील नसतील तेवढ्या पाठव." ती खवता खवता हसली. "मी तुमच्या घरात शोधलं, वरच्या चटईत एक सापडली. चांगली फुगलेली होती."

"ती आलीतासीने भरलेली."

"मग तर चांगलीच की. वरून त्यांची खोळ चढली असेल, कोणाला कळतंय?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि खवणं थांबवलं. "काय झालं?"

"मी आणतो जाऊन."

"आत्ता? आत्ता गेलात तर सगळं उघडं पडेल. मालाएआबाई पडतील, मी पडेन. पाहणी होऊ दे, मी मागल्या अंगाने घेऊन येते." तिने आवाज खाली आणला. "भावोजी, त्या उशीत काय आहे?"

मी टोपल्या परत खांद्यावर घेतल्या. कंद तर तिथेच पोचवायचे होते.

मालाएआबाईंचं घर गावाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून. मी पोचलो तेव्हा समिती आत बसली होती आणि गावच्या निम्म्या बायका चौथऱ्याभोवती उभ्या होत्या. परसात जेवण शिजवायच्या भट्टीचे दगड तापत होते. मी टोपल्या तिथे उतरवल्या आणि छपराच्या कडेला येऊन उभा राहिलो.

ढीग मोठा होता. पांढऱ्याशुभ्र चादरीवर रचलेला, प्रत्येक उशीवर लाल दोऱ्याने जास्वंदी भरलेली खोळ. मालाएआबाई आपल्याच घराची पाहणी करू शकत नाहीत, म्हणून तापिता करत होती. तिने ढिगाभोवती एक फेरी घातली.

"बाई, उशा आहेत का डोंगर?" ती म्हणाली. "खाली कोणी दबलं बिबलं नाही ना?"

मालाएआबाई हसल्या. त्यांच्या गळ्याजवळ घाम दिसत होता.

समुद्राच्या बाजूने ऊन आत सरकलं होतं. ते चादरीवर होतं, आता ढिगावर चढत होतं. माझ्या घरात मी हे रोज बघत होतो. ऊन उशीवर आलं की किती वेळाने काय होतं ते मला माहीत होतं. सगळ्यात वरच्या उशीच्या कडेला, जास्वंदीच्या लाल दोऱ्यावर, एक ढेकूण येऊन थांबला. त्याच्या मागून आणखी. लाल पिल्लं दोऱ्यात मिसळली, काळे मात्र पांढऱ्यावर उठून दिसत होते.

एका बाईने आधी बघितलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. मग सगळा घोळका एकदम गप्प झाला. आमच्या गावात बायका गप्प होतात तेव्हा लाटा ऐकू येतात.

तापिताने मान खाली घालून बघितलं. एक ढेकूण नखावर घेतला.

"उशी चालायला लागलीय, बाई," ती हळू आवाजात म्हणाली.

मालाएआबाईंचा चेहरा माझ्या बाजूला होता. त्यात आधी काही नव्हतं, मग सगळं आलं. उशी माझी नाही असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उसनी आहे म्हटलं तर स्वतःचाच नियम स्वतःच्या गळ्यात. माझी आहे म्हटलं तर या वयात, या पदावर, सरकीचे ढेकूण.

"कोणाच्या हातची आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

नियम साधा होता. ढेकूण निघालेली उशी त्याच दिवशी भट्टीत घालायची, आणि जिने ती भरली तिचं नाव रविवारी चर्चनंतरच्या बैठकीत सगळ्यांसमोर घ्यायचं.

"खोळ काढली की कळेल," तापिता म्हणाली आणि बंद सोडायला लागली.

खोळ काढली की कळणार होतंच. आतल्या पिशवीचं तोंड आलीतासीने शिवलेलं होतं. आमच्या बायका साधा धावदोरा घालतात. ती मात्र प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे न्यायची, तिच्या आईच्या गावाकडे घालतात तसा, आणि वरून दाण्यांची माळ ठेवल्यासारखी रेघ दिसायची. गावातल्या सगळ्या सुना ती रेघ बघून शिकायला आल्या होत्या. कोणाला जमली नव्हती.

एसेता माझ्या मागे येऊन उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. तिने ढेकूण बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि "अगं बाई" म्हणाली, एवढंच, तोंडावर हात ठेवून.

पहिला बंद सुटला.

"ती माझी आहे," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना वळवल्या. तापिताचा हात थांबला.

"तुझी? तुझी इथे कशी आली?"

"मी आणून दिली. मालाएआबाईंना. भेट."

मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि सगळीकडे पसरलं.

"बायको जाऊन वर्ष नाही झालं, आणि हा उशा वाटत सुटलाय!"

"तेही कोणाला? प्रमुखांच्या घरी!"

"फिलेमोनी, प्रमुखांना विचारलंस का रे? का त्यांनाही एक देणार आहेस?"

मालाएआबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या हसत नव्हत्या. "हो," त्या म्हणाल्या, "फिलेमोनीभाऊंनी दिली. मी... मानाने ठेवली वर."

"आणि भरली कोणी?" तापिताने विचारलं. तिचे डोळे बारीक झाले होते. "तुझ्या घरात उशी भरायला आहे कोण?"

"मीच भरली."

"तू."

"हो. सरकी काढायची असते हे मला माहीत नव्हतं."

यावर मात्र जे हसू झालं ते परसातल्या कुत्र्यांनी भुंकावं असं होतं. एक बाई खांबाला धरून खाली बसली. सावरीच्या गावात पन्नाशी ओलांडलेला माणूस, आलीतासीचा नवरा, त्याला सरकी काढायची असते हे माहीत नाही! मी उभा होतो. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली, पण आली नाही.

हसू चालू असतानाच तापिताने खोळ ओढून काढली. आतली पिशवी उघडी झाली. तिने ती फिरवली आणि शिवलेलं तोंड वर केलं.

रेघ उन्हात स्पष्ट दिसत होती. एकेक टाका मागे, मग पुढे. शेवटचा टाकाही पहिल्याइतकाच सरळ होता.

हसू थांबलं. एकदम थांबलं नाही, जसजशी एकेका बाईची नजर तिथे गेली तसतशी ती बाई गप्प झाली. पुढच्या रांगेतल्या दोघी तिघींना तो टाका शिकवायला आलीतासीने त्यांची बोटं धरली होती. मालाएआबाईंनीही बघितलं. त्यांनी नजर समुद्राकडे वळवली.

आता एकच बाई बोलली असती तरी झालं असतं. मी तापिताकडे बघत होतो. लग्न होऊन आलेल्या आलीतासीला दगडावरची पोर पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, तर हिनेच.

तापिताने पिशवी डोळ्यांजवळ नेली. टाक्यांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघा गं," ती मोठ्याने म्हणाली. "पुरुषाचा टाका. एक इकडे, एक तिकडे. बैलाने मुतावं तसा. यापेक्षा माझी शेळी बरी शिवेल."

कोणी हललं नाही.

"काय गं, दिसत नाही का तुम्हाला?" तापिता ओरडली. "वाकडा आहे का नाही?"

"वाकडाच आहे," एक पुढची म्हणाली.

"अगदी वाकडा," दुसरी म्हणाली. "फिलेमोनी, डोळे मिटून शिवलंस का रे?"

मग सगळ्या जणी बोलायला लागल्या, एकीपेक्षा एक मोठ्याने. कोणी म्हणाली दोरा नाही, हे तर मासे पकडायचं दावं आहे. कोणी म्हणाली याला पुढच्या महिन्यापासून समितीत घ्या, झगा शिवून देऊ. एवढं हसत होत्या, आणि त्यांच्यापैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. एसेता सगळ्यांत मोठ्याने हसत होती आणि पदराएवढ्या रुमालाने नाक पुसत होती.

तापिताने नखाने तोंडाचा थोडा भाग उसवला आणि पिशवी चादरीवर झटकली. ढेकूण पडले आणि पळाले. कापसाचे पुंजके पडले. त्यांच्यात सरकी होती, बरीच. तिने एक सरकी उचलून बोटांत दाबली. ती लगेच चुरली. आत काही नव्हतं. दुसरी दाबली, तीही तशीच. बाहेरून अख्खी होती, काळी, गुळगुळीत.

"आतलं सगळं ओढून झालंय," ती हळू म्हणाली, मला ऐकू येईल एवढंच. "बरेच दिवसांची आहे रे."

"हो," मी म्हणालो.

तिने कापूस परत भरला आणि पिशवीचं तोंड आतल्या बाजूला दुमडलं. एकदा, आणि परत एकदा. आता बाहेरून नुसतं कापड दिसत होतं.

"नियम आहे," ती मालाएआबाईंकडे बघून म्हणाली.

मालाएआबाईंनी मान हलवली. त्यांनी "राहू दे" म्हटलं असतं तर चाललं असतं, पण इतक्या जणींसमोर ते म्हणता येत नव्हतं, आणि ते म्हटल्यावर का म्हणून विचारलं गेलं असतं. मला ते कळत होतं.

"तुझी उशी, तूच घाल," तापिताने ती माझ्या हातात दिली.

मी ती परसात नेली. उशी हलकी होती, मी समजत होतो त्याहून हलकी. भट्टीचे दगड पांढरे पडले होते, मधे अजून निखारे होते. मी ती ठेवली. टाकली नाही, ठेवली. सावरीचा कापूस जळायला वेळ घेत नाही. एक पिवळा भडका वर आला, माझ्या भुवयांना धग लागली. ढेकणांचा वास आला, चिरडल्यावर येतो तसा, पण खूप जास्त. मग तोही गेला. पोरांनी दगड सारखे केले, वर माझेच कंद रचले आणि केळीच्या पानांनी झाकले.

जेवायला बसलो तेव्हा मालाएआबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी हातातल्या पंख्याने माझ्या ताटावरच्या माश्या हाकलल्या. प्रमुखांच्या पत्नी कोणाच्या ताटावरच्या माश्या हाकलत नाहीत. डुकराची पाठ प्रमुखांसाठी असते, तिचा एक तुकडा त्यांनी माझ्या पानावर ठेवला. कंद चांगले शिजले होते. नारळाचा रस घट्ट होता. मी पोटभर जेवलो.

"आणखी घ्या, भावोजी," एसेता म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"दे."

रविवारी चर्चनंतर नाव घेतलं गेलं. उशी भरणारा, फिलेमोनी. दंड बिस्किटांचा मोठा डबा. पाद्रीसुद्धा हसले. माझ्या भावाला मात्र राग आला. तो घरी आल्यावर म्हणाला, "दादा, तू कधी सुई तरी हातात धरलीस का? कशाला स्वतःचं हसं करून घेतलंस?" एसेताने त्याला पाणी आणायला पाठवलं. पाणी भरलेलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस पोरं मला रस्त्यात उशीवाला म्हणायची. मग नवीन काहीतरी झालं, कोणाची तरी होडी कोणीतरी नेली, आणि ते मागे पडलं. मी रात्री गुंडाळलेल्या चटईवर डोकं ठेवतो. एसेताने न्यूझीलंडहून आलेली फोमची उशी आणून दिली होती. ती मी तिच्या सासूला, म्हणजे त्यांच्याकडे राहणाऱ्या माझ्या आईला दिली.

पुढच्या उन्हाळ्यात समितीच्या घराचं छप्पर गळत होतं म्हणून मी वर चढून झावळ्यांची पाती बदलत होतो. खाली तापिता नव्या सुनांना घेऊन बसली होती. सावरीची बोंडं पडली होती, कापूस पसरला होता, आणि त्यात ढेकूण पळत होते ते मला वरून दिसत होते. एक सून, फार लहान, प्रमुखांच्या घरात नुकतीच आलेली, सरकी कशी काढायची विचारत होती.

"घाई करायची नाही," तापिता सांगत होती. "पुंजका असा उलगडायचा, बोटाच्या टोकाने, आणि सरकी बाहेर लोटायची. ओढायची नाही, लोटायची. आमच्याकडे आलीतासी काढायची तशी."

"कोण आलीतासी?"

"होती एक. पलीकडच्या किनाऱ्यावरची. तिच्यासारखी उशी या गावात कोणी भरली नाही."

"तिच्या उशीत कधी ढेकूण निघाला नाही?"

"आलीतासीच्या?" तापिता म्हणाली. "कधीच नाही. विचार कोणालाही."

बाकीच्या दोघी तिघी होत्या, त्यांनी माना हलवल्या. नाही, कधीच नाही. मग एकीने वर बघितलं, मी छपरावर होतो, आणि ती म्हणाली, "फिलेमोनीसारखी मात्र भरू नकोस गं." आणि सगळ्या हसल्या, ती नवी सूनही, तिला काही माहीत नसताना.

मीही हसलो म्हणे. एसेता तिथे होती, ती सांगते. मला आठवत नाही. मी पात्याला गाठ मारली, ओढून बघितली, आणि पुढचं पातं घेतलं.